ड्रेनेजचा गॅस आणि प्लांटचं लाईट बिल

मी गॅस इंजिनवाला. इंजिन विकत नाही, उघडतो, साफ करतो, परत जोडून चालू करून देतो. सुरुवात साखर कारखान्याच्या डिस्टिलरीपासून झाली आणि मग हळूहळू एसटीपीची कामं यायला लागली, एसटीपी म्हणजे शहराचं ड्रेनेजचं पाणी जिथं साफ होतं तो प्लांट. सोलापुरात कुणाला हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. आमच्या मामांनी तर ताटावर बसल्या बसल्या विचारलं, "काय बे, संडासच्या गॅसवर लाईट पेटवायलास म्हणं?" मामी म्हणाल्या जेवू तरी द्या की त्याला, पण मामांचं समाधान होईना, त्यांना एवढंच पाहिजे होतं की मग आपलं लाईट बिल कमी होणार का नाही.

नाही होणार मामा. तुमचं नाही होणार, प्लांटचं होईल. आणि हेच लोकांना नीट सांगितलं जात नाही म्हणून लिहायला बसलोय. पेपरात "मैल्यापासून वीज" अशी बातमी आली की लोकांना वाटतं आता शहर उजळणार, मग दोन वर्षांनी तसं काही दिसत नाही म्हटल्यावर तेच लोक म्हणतात सगळी थापेबाजी. दोन्ही चूक आहे.

आधी हिशोब करू. पुस्तकातला आकडा असा की माणशी दिवसाला साधारण २० लिटर गॅस निघू शकतो, तोही सगळा गाळ नीट पकडला तर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर गॅसमधून इंजिनवर साधारण २ युनिट वीज मिळते. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला ४० वॅट-तास, दहा वॅटचा एलईडी बल्ब चार तास. सोलापूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख, त्याला गुणलं तर कागदावर ३८ हजार युनिट, म्हणजे दीड-एक मेगावॅट. आपल्या फताटेवाडीच्या एनटीपीसीच्या वीज केंद्राची क्षमता १३२० मेगावॅट आहे, त्याच्या जेमतेम हजारावा हिस्सा झाला हा. आणि हे कागदावर हां, प्रत्यक्षात निम्म्या गावाचा मैला सेप्टिक टँकमध्ये बसलेला असतो, त्याचा गॅस व्हेंट पाईपातनं वर जातो आणि हवेत मिसळतो. आता प्रत्यक्षातलं उदाहरण घ्या, सुरतच्या अंजना प्लांटवर २००३ मध्ये गॅसवरची वीज सुरू झाली, प्लांट साडेब्याऐंशी एमएलडीचा म्हणजे दिवसाला सव्वाआठ कोटी लिटरचा, आणि वीजसंच अर्ध्या मेगावॅटचा. देशात ड्रेनेजच्या गॅसवर वीज करण्यात सुरतेचं नाव पहिल्यांदा घेतात ते ह्याच्यामुळं.

अर्धा मेगावॅट म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? पण तो प्लांट स्वतः किती खातो ते बघा. मैलापाण्यात हवा मारायला ब्लोअर लागतात, मोठाले, रात्रंदिवस चालणारे, आणि प्लांटच्या एकूण विजेतली निम्मी किंवा त्याहून जास्त वीज एकटे ब्लोअर खातात. अर्ध्या मेगावॅटचं इंजिन बंद-चालू धरून ८० टक्के वेळ चाललं तरी दिवसाला साडेनऊ हजार युनिट होतात. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला पावणेतीन कोटीच्या आसपास. कुठल्या पण महापालिकेला विचारा, पावणेतीन कोटी सोडायला कोण तयार आहे. (तरीही सोडतात, ते पुढं येईल.)

आता गॅस येतो कुठून ते थोडक्यात. ड्रेनेजचं पाणी आलं की आधी जाळीवर प्लास्टिक, चिंध्या, केस असलं अडतं, मग रेती बसते, मग मोठ्या गोल टाकीत पाणी संथ होतं आणि जड मैला खाली बसतो, हा पहिला गाळ. मग उरलेल्या पाण्याला हवा मारून जिवाणू वाढवतात, ते घाण खाऊन फुगतात आणि त्यांचाच दुसरा गाळ तयार होतो. हे दोन्ही गाळ घट्ट करून डायजेस्टरमध्ये सोडतात, बंद टाकी, आत हवा नाही, ३५-३७ अंश तापमान, आणि तिथं वीस-पंचवीस दिवस मुक्काम. त्यात निघालेल्या गॅसमध्ये ६० ते ६५ टक्के मिथेन, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साईड. पहिला गाळ ताजा असतो, त्यात तेल-तूप-अन्न सगळं न खाल्लेलं असतं, म्हणून गॅस त्याच्यातनं जास्त येतो, दुसऱ्या गाळातली ताकद जिवाणूंनी आधीच खाल्लेली असते.

हे वाक्य लक्षात ठेवा कारण खरा घोटाळा इथंच आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्याकडं जे नवे एसटीपी झाले त्यातले बरेच एसबीआर पद्धतीचे आहेत. एकाच टाकीत भरायचं, हवा मारायची, बसू द्यायचं, वरचं पाणी काढायचं. जागा कमी लागते, पाणी चकाचक निघतं, ऑटोमेशन चांगलं असतं, मी काही एसबीआरच्या विरोधात नाही. पण बहुतेक ठिकाणी त्यात पहिली गाळ बसवायची टाकीच नसते. सगळा मैला थेट हवेच्या टाकीत जातो आणि ज्याच्यापासून गॅस झाला असता ते आपण वीज जाळून, हवा मारून, जिवाणूंकडून फुकट खाऊन टाकतो. म्हणजे डबल खर्च. मग पाच वर्षांनी कुणी साहेब बाहेरचा प्लांट बघून येतात आणि म्हणतात आपण पण गॅसवर वीज करू, पण गॅस येणार कशातनं? ते टेंडर निघालं त्याच दिवशी ठरलेलं असतं. एखाद्या गावाला गॅस मिळणार का नाही हे सांगायला मला प्लांट बघायची गरज नाही, टेंडरमधलं प्रोसेसचं पान दाखवा, बास.

बरं हे काही नवीन खूळ नाही. इंग्लंडात एक्झेटर गावात १८९५ च्या सुमारास सेप्टिक टँकच्या गॅसवर रस्त्यावरचे दिवे लावले होते आणि आपल्या मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८९७ मध्ये मैल्याच्या टाकीचा गॅस गोळा करून वापरला होता. म्हणजे सव्वाशे वर्षं झाली. महाराष्ट्रात तर ह्या विषयावर आयुष्य घालवलेली माणसं होऊन गेली, कणकवलीला गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करणारे संडास केले, आणि देहूला डॉ. मापुसकर म्हणून सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, ते संडासला जोडलेल्या गॅस प्लांटच्या मागंच लागले, त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मला राग ह्याचा येतो की ही माणसं आपल्याच भाषेत हे सगळं सांगून गेली आणि आपण अजून "ई, संडासचा गॅस" इथंच अडकलोय.

माझ्या कामाकडं येतो. गॅस निघाला म्हणजे वीज झाली असं नाही, मधे इंजिन आहे, आणि इंजिनाला हा गॅस आवडत नाही.

पहिला दुश्मन हायड्रोजन सल्फाईड, सडक्या अंड्याचा वास. ओलाव्याबरोबर त्याचं ॲसिड होतं, ते बेअरिंग खातं, कॉपरचे पार्ट काळे पडतात, ऑइल लवकर मरतं. म्हणून गॅस आधी स्क्रबरमधनं धुवून घ्यायचा किंवा लोखंडाच्या मीडियातनं, म्हणजे सल्फाईड धरून ठेवणाऱ्या मालातनं न्यायचा. आणि हा गॅस माणसाला पण सोडत नाही हे लक्षात ठेवा, थोडा असेल तर वास येतो, पण शंभर पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) वर गेला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं गॅस गेला. पाचशे-सातशेच्या वर काही मिनिटांत खेळ खलास. चेंबरमध्ये उतरून माणसं मरतात ती बरेचदा ह्याच गॅसनं, आणि एकाला काढायला दुसरा उतरतो तो पण जातो. मीटर लावल्याशिवाय मी कुठल्या खड्ड्यात वाकून पण बघत नाही, हेल्परला पण बघू देत नाही.

दुसरा दुश्मन लोकांना माहितीच नसतो. एकदा एका एसटीपीच्या इंजिनाचं हेड उघडलं, माझ्याबरोबर एक नवीन पोरगा होता, अक्कलकोट रोडचा, लूमवाल्या घरातला. पिस्टनच्या डोक्यावर पांढरट थर, व्हॉल्व्हच्या कडेला पण तसाच, स्पार्क प्लगच्या टोकाला पण. पोरगा म्हणतो, "दादा, कुणी चुना टाकलाय का बे ह्यात?" मी त्याला म्हटलं नखानं खरवडून बघ. खरवडलं तर बारीक वाळू चोळल्यासारखं कचकच. ती खरोखरच वाळूची जात होती, सिलिका. ती येते कुठून तर शाम्पू, कंडिशनर, डिओ, क्रीम ह्यातनं. ह्या सगळ्यात सिलिकॉनची संयुगं असतात, डोकं धुतलं की ड्रेनेजमध्ये, ड्रेनेजमधनं गाळात, गाळातनं गॅसमध्ये वाफ होऊन, आणि इंजिनात जळली की त्याची काच-वाळू होऊन पिस्टनवर बसते. गॅसमधल्या ह्या सिलिकॉनच्या संयुगांना सायलोक्सेन म्हणतात. पोराला हे सांगितलं तर तो बराच वेळ त्या पिस्टनकडंच बघत बसला, मग म्हणाला म्हणजे गावातल्या समद्या बायकांचा शाम्पू हितं आलाय. म्हटलं बायकांचाच कशाला, तू काय मातीनं धुतोस काय डोकं? ह्याला उपाय आहे, ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर, पण तो भरला की बदलावा लागतो आणि बदलायला पैसे लागतात.

आणि इथंच ते पावणेतीन कोटी सुटतात. एका शहरात (नाव घेत नाही) चांगलं विदेशी इंजिन ताडपत्रीखाली झाकून ठेवलेलं बघितलंय. बिघाड कसलाच नव्हता. स्क्रबरचं मीडिया संपलं होतं, त्याची खरेदीची फाईल फिरत होती, ऑपरेटरनं बरोबरच इंजिन बंद केलं आणि गॅस फ्लेअरला सोडला, म्हणजे उंच नळीच्या टोकाला नुसता जाळायचा. जाळायचा कशाला, सोडून द्यायचा की हवेत, असं पण कुणी म्हणेल, तर मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साईडच्या २८ पट तापवतो, म्हणून जाळणं बरं. पण डोळ्यासमोर ज्योत जळतीय आणि बाजूला ब्लोअर महावितरणच्या विजेवर फिरतायत, हे बघून माझ्यासारख्याच्या पोटात तुटतं. लाईट बिल एका डिपार्टमेंटच्या खात्यातनं जातं, मीडिया दुसऱ्या खात्यातनं घ्यायचं, म्हणून वाचवणाऱ्याला खर्चायचा अधिकार नाही आणि ज्याला अधिकार आहे त्याला वाचल्याचं श्रेय नाही. इंजिनात फॉल्ट नसतो, फायलीत असतो.

आता सोलापूरचं बोलू. आपल्या बाजूनं काय काय आहे ते बघा.

एक तर ऊन. थंड देशात डायजेस्टर ३५ अंशावर ठेवायलाच गॅसचा मोठा हिस्सा जळतो, आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४२-४३, हिवाळ्यात पण इंजिनाच्या गरम पाण्यावर भागतं. देवानं काहीतरी दिलंय ह्या उन्हात.

दुसरं, माणसं. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत ते सांगायला नको, आणि त्यांच्या डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशवर, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेल्या सांडपाण्यावर, गॅस करणारी मंडळी कित्येक वर्षं हे काम करतायत. स्पेंटवॉशची ताकद ड्रेनेजच्या पाण्याच्या दीडशे-दोनशे पट असते आणि त्याच्या गॅसमध्ये सल्फाईड टक्क्यात मोजतात, ड्रेनेजच्या गॅसमध्ये पीपीएममध्ये. म्हणजे माढा, पंढरपूर, माळशिरस, अक्कलकोटकडची पोरं ह्याच्यापेक्षा कितीतरी वाईट गॅसवर काम शिकलीत. डायजेस्टर आंबट व्हायला लागला की रिपोर्ट यायच्या आधी ओळखणारे फोरमन मी बघितलेत, गॅसच्या वासावरनं आणि फेसावरनं. डायजेस्टर म्हशीसारखा असतो, चारा एकदम बदलला की खाणं सोडतो, तिथं घाई करून चालत नाही. आत आधी ॲसिड करणारे जिवाणू काम करतात आणि मग मिथेन करणारे, पहिले फास्ट, दुसरे स्लो, खाणं एकदम वाढवलं की पहिल्यांनी केलेलं ॲसिड दुसऱ्यांना उरकत नाही, पीएच पडतो आणि गॅस बंद. हे ज्ञान आपल्या जिल्ह्यात फुकट पडलंय आणि महापालिका मात्र ऑपरेटर बाहेरनं शोधतात.

आता आपल्या विरुद्ध काय आहे ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल गावाचं कौतुकच करायलाय. टॉवेल आणि चादरी. कॉटन रंगवताना डाईंगवाले ग्लॉबर सॉल्ट वापरतात, म्हणजे सोडियम सल्फेट, रंग धाग्यावर चढावा म्हणून. ते पाणी नीट प्रक्रिया न करता ड्रेनेजमध्ये सुटलं की सल्फेट प्लांटपर्यंत येतं, आणि हवा नसलेल्या टाकीत सल्फेट खाणारे जिवाणू मिथेनवाल्यांचा घास पळवतात आणि त्याचा सल्फाईड करतात. म्हणजे गॅस कमी आणि जो येईल तो जास्त घाण. कुठल्याही कापडाच्या गावात एसटीपीवर गॅस करायचा तर आधी डाईंगचं पाणी वेगळं ठेवायला पाहिजे. हे बोललं की ओळखीचे लूमवाले तोंड फिरवतात, पण केमिस्ट्रीला ओळख कळत नाही.

आणि कांदा. हा माझा आवडता विषय आहे, कट्ट्यावर मला ह्याच्यावरनं चिडवतात. सोलापूरच्या मार्केट यार्डात सीझनला कांद्याच्या गाड्यांची रांग लागते आणि नासलेला कांदा किती फेकला जातो ते तिकडनं जाताना नाकालाच कळतं. डायजेस्टरमध्ये नुसत्या ड्रेनेजच्या गाळाबरोबर असला भाजीपाला, हॉटेलचं खरकटं थोडं थोडं घातलं की गॅस चांगला वाढतो, नाशिकला सार्वजनिक संडासांचा मैला आणि हॉटेलांचा ओला कचरा एकत्र करून वीज करायचा प्रकल्प ह्याच विचारानं केलाय. अमेरिकेत ओकलंडच्या प्लांटनं असाच बाहेरचा खाद्य कचरा घेऊन घेऊन २०१२ मध्ये स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त वीज केली. आणि कांद्याचंच म्हणाल तर कॅलिफोर्नियात ऑक्सनार्डला एक कांदा सोलून विकणारी कंपनी आहे, गिल्स ओनियन्स, ती २००९ पासून कांद्याच्या रसाचा गॅस करून त्याच्यावर वीज करायला लागली. कांद्यात गंधक असतं, त्यामुळं गॅस साफ करायला जास्त पैसे जातात, ते त्यांना पण चुकलं नाही. पण होतं, एवढं नक्की. (तुळजापूर रोडला कचरा डेपोवर गॅस करायचा प्रकल्प झाला तो घन कचऱ्याचा, तो आणि हा एक नाही, कमेंटमध्ये दरवेळी कुणीतरी मिक्स करतं.)

वीजच करावी असं पण काही नाही. २०१८ मध्ये केंद्रानं 'सतत' (SATAT) नावाची योजना काढली, गॅस शुद्ध करून, दाबून, सीएनजीच्या जागी गाडीत भरायचा आणि ऑइल कंपन्यांनी तो विकत घ्यायचा. माझं मत विचाराल तर एसटीपीवर आधी वीजच करा, कारण गिऱ्हाईक दारातच आहे, ब्लोअर. गॅस भरायला सिलिंडर नको, ट्रक नको, पेमेंटची वाट बघायला नको, इंजिनाची केबल सरळ पॅनलला. उरला तर विका.

एक शेवटचा विषय राहिलाच, गाळ. डायजेस्टरमधनं गॅस निघाला म्हणून गाळ संपत नाही, कमी होतो, वास मरतो आणि रोगजंतू बरेच कमी होतात, सगळे जात नाहीत. गाळ वाळवायच्या बेडवर वाळला की काळी ढेकळं होतात, शेतकरी ट्रॉली घेऊन येतात, ज्वारीला, उसाला टाकतात, आणि पीक चांगलं येतं ह्यात वाद नाही, नत्र-स्फुरद भरपूर असतं. पण शहरात डाईंग आहे, गॅरेज आहेत, प्लेटिंगवाले आहेत, त्यांच्याकडनं आलेलं क्रोमियम, झिंक, शिसं गॅसमध्ये जात नाही, ते सगळं त्या ढेकळात बसतं. आमच्या मामांनी पण मागवायचं ठरवलं होतं, त्यांची मोहोळकडं तीन एकर आहे. त्यांना म्हटलं मामा, आधी जड धातूंचा रिपोर्ट मागा, प्लांटवाल्यांनी लॅबमधनं करून घेतलेला, त्या वर्षाचा. भाजीला टाकू नका, पालेभाजीला तर अजिबात नको. आणि रिपोर्ट नाही म्हणाले तर ट्रॉली रिकामीच परत आणा.